उतरलेली कार बॅटरी परत उठते का?

जुनी बॅटरी परत चालू होईल का, हे ती कशाने गेली यावर ठरतं. गाडीची लेड-ॲसिड बॅटरी अनेक कारणांनी जाते, पण त्यातलं एकच कारण उलटवता येतं, ते म्हणजे सल्फेशन.

बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. ताजं असताना त्याचे कण बारीक असतात आणि चार्जिंगला लावलं की निघून जातात. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, की कण मोठे आणि कडक होत जातात व करंट घेईनासे होतात. काही आठवड्यांचं सल्फेशन बऱ्याचदा निघतं, कित्येक महिन्यांचं क्वचितच. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजली, प्लेटांवरचा माल झडून तळाशी साचला किंवा त्या गाळाने सेल (बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एक) शॉर्ट झाला, तर इलाज नाही. उष्णतेत जाळी लवकर गंजते, म्हणून आपल्याकडे चार-पाच वर्षं चाललेल्या बॅटरीच्या मागे वेळ घालवू नये.

आधी तपासणी करा. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्जिंगला लावूच नका. बाकीच्या बॅटऱ्या एकदा नेहमीसारख्या चार्ज करा, रात्रभर तशाच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा. १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर एक सेल गेलेला आहे. झाकणं उघडता येत असतील तर हायड्रोमीटर जास्त खरं सांगतो; ही नळी ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे ते पाण्यापेक्षा किती जड आहे ते मोजते (पाणी १०००). सहाही सेल १२५० ते १२८० दाखवत असतील तर उत्तम. सगळेच सारखे खाली, समजा ११८० वर असतील, तर सल्फेशनची शक्यता आहे आणि आशाही आहे. पाच सेल १२५० वर आणि एकच ११५० वर असेल, तर प्रयत्न सोडून द्या. हायड्रोमीटरच्या नळीत चढलेलं ॲसिड तपकिरी, गढूळ दिसलं तर प्लेटा झडल्या आहेत.

आता सल्फेशन काढणारं सावकाश चार्जिंग, ३५ अँपिअर-अवर कुवतीची बॅटरी धरून चालू. ती गाडीतून काढा, कारण या चार्जिंगमध्ये व्होल्टेज १५.५ ते १६ पर्यंत जातं आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ते झेपत नाही. प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला; पूर्ण लेव्हल शेवटी करायची, नाहीतर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर येतं. करंट कमी-जास्त करता येणारा चार्जर घेऊन १ ते १.५ अँपिअरवर लावा. सुरुवातीला बॅटरी जवळजवळ काहीच करंट घेत नाही आणि व्होल्टेज मात्र झटकन चढतं. इथेच बरेच जण हात टेकतात, पण सल्फेशनचं लक्षणच ते आहे. काही तासांनी करंट हळूहळू वाढू लागतो. एकूण २४ ते ४८ तास लागतात. दर तासाला घेतलेली ग्रॅव्हिटी लागोपाठ तीनदा तेवढीच आली, की थांबा. ॲसिड ५० अंशांच्या वर तापलं तर लगेच बंद करा. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे खोली उघडी हवी, डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे हवेत आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढायची नाही.

मग खरी कुवत मोजा. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा. तो साधारण साडेचार अँपिअर खातो. बॅटरी १०.५ व्होल्टवर यायला किती तास लागले ते पाहा. धडधाकट बॅटरी सहा तासांच्या आसपास टिकते. तीन तासांतच बसली तर लगेच पुन्हा तसंच सावकाश चार्ज करून एकदा आणखी मोजा. वेळ वाढला नाही, तर जे निघायचं होतं ते निघालं.

नवं ॲसिड घालणं ही सगळ्यांत नुकसानीची युक्ती आहे. ग्रॅव्हिटी कमी आहे कारण सल्फेट प्लेटांवर बसलंय. वरून ॲसिड ओतलं की हायड्रोमीटर लगेच १२५० दाखवतो, प्लेटा मात्र तशाच राहतात. पुढे चार्जिंगमध्ये प्लेटांवरचं सल्फेट सुटलं की ॲसिड नको इतकं कडक होतं आणि जाळी खातं. बॅटरी उलटी करून जुनं ॲसिड काढलं तर तळाचा गाळ प्लेटांमध्ये अडकतो. एप्सम सॉल्टनेही हायड्रोमीटरचा आकडा चढतो, पण कडक सल्फेट विरघळत नाही. पल्स देणाऱ्या यंत्रांवर भरवसा ठेवण्याजोगा फरक दिसत नाही. सावकाश चार्जिंग पुरेसं आहे.

मेंटेनन्स-फ्री बॅटरीला भोकं पाडू नका. तिच्यावरचा हिरवा डोळा, म्हणजे चार्ज दाखवणारी छोटी खिडकी, एकाच सेलचं सांगतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी) असेल तर १४.७ व्होल्टच्या वर जायचंच नाही.

उठलेली बॅटरी गाडीत बसवली की ती मुळात कशामुळे उतरली होती, ते शोधा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा आणि निगेटिव्ह वायरीत मीटर लावून करंट बघा. ५० मिलिअँपिअर गळती असेल तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे पंधरा दिवस उभ्या गाडीची ३५ ची बॅटरी निम्मी रिकामी होते. त्याहून जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढून बघा. ज्या फ्यूजवर आकडा पडतो, चोर त्याच सर्किटमध्ये आहे.