सडा, शाल आणि मे महिन्यातली सभा

मे महिन्यातला दुसरा शनिवार म्हणजे आमच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा. चाकरमानी आदल्या रात्रीच गावी उतरलेले असत. शाळेच्या पटांगणात माडाच्या झापांचा मांडव, एका अंगाला बायकांचं हळदीकुंकू. शिऱ्याचा प्रसाद हातावर पडला की वार्षिक सभा सुरू. मला तिचीच ओढ जास्त. अहवाल आणि जमाखर्च पटकन उरकायचा. सभा पेटायची ती दोन गोष्टींवरून: सडा कुणाचा, आणि यंदा शाल कुणाला.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या माथ्यावर हा सडा, जांभ्याचा उघडा कातळ. सातबाऱ्यावर गुरचरण. मे महिन्यात पाय ठेववत नाही इतका तापतो, आणि श्रावण सरता सरता सीतेच्या आसवांची रानफुलं अशी निळी दाटतात की पाऊल कुठे टाकावं तेच कळत नाही. तिथे मुरलेलं पाणी खाली वाडीच्या विहिरीत उतरतं. आजीने मला विहिरीच्या काठावर वाकवून तो झरा बोटाने दाखवला होता.

"सड्याचा तुकडा चिरेखाणीला देऊया, चार पोरं तरी मुंबईला जायची थांबतील," असं म्हणणारेही आपलेच होते, आणि त्यांचं दुखणं खरं होतं. गावात कामधंदा नव्हताच. पण चिरे काढून झाल्यावर मागे राहिलेले चौकोनी खड्डे आम्ही शेजारच्या गावात पाहिले होते. माझा जीव तेव्हाही सड्याच्या बाजूने होता, आजही आहे. पक्षांचे झेंडे मांडवाबाहेर ठेवा, असं अध्यक्ष दरवर्षी बजावत. दरवर्षी ते आत येतच.

2012 ची सभा मला अजून जशीच्या तशी आठवते. आदल्या वर्षी 28 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. पंजाबातल्या एका गावतळ्याचा खटला, पण सगळ्याच राज्यांना आदेश होता की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. पाठोपाठ जुलैत आपल्याकडे शासन निर्णय निघाला. आमच्या तलाठी बाई साखळी घेऊन सड्यावर चढल्या आणि पंचनाम्यात काकांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आठ हात गुरचरणात सरकलेला निघाला. त्याच वर्षी सत्काराच्या यादीत गुरुजींनी बाईंचं नाव घातलं!

"आमचंच मोजायचं आणि वर आम्हीच शाल घालायची?" काका कडाडले.

"सडा राखला म्हणून घालायची," गुरुजी म्हणाले.

दोन तास झाले तरी कुणी मागे हटेना. शेवटी शाल प्लॅस्टिकच्या पिशवीतच मंडळाच्या ट्रंकेत गेली. बाई बाहेर आंब्याखाली उभ्या होत्या, पाय घोट्यापर्यंत तांबड्या मातीने भरलेले. काकी हळदीकुंकवाच्या ताटासकट उठल्या, त्यांना हाताला धरून आत घेऊन आल्या, पाटावर बसवलं आणि खण-नारळाने ओटी भरली. "गडग्याचं ते बघून घेतील. तू जेवल्याशिवाय जायचं नाय, बाय." काका समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

कोरोनाची दोन वर्षं मांडव पडला नाही. 2022 ला पुन्हा जमलो तेव्हा कोकणातल्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली होती. कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, सगळी आमच्याच तालुक्यातली. लहानपणी ज्यांना आम्ही पांडवांची चित्रं म्हणायचो, तीच ही. त्या दिवशी चिरेखाणीचा विषय कुणी काढला नाही.

भांडण झालं ते रात्रवस्तीच्या एसटीवरून. विलीनीकरणाचा संप एप्रिलमध्ये मिटलेला. ड्रायव्हर-कंडक्टरचा सत्कार म्हटल्यावर अर्धा मांडव उठला: "पोरं टेम्पोला लटकून शाळेत गेली, तेव्हा कुठे होते हे?" दुसऱ्या बाजूने काका उभे राहिले, काठी टेकत. "वीस वर्षं हे लोक आपल्या दारात गाडीतच झोपतायत. पगारासाठी भांडला म्हणून माणूस परका होत नाही." हात वर झाले, मोजले गेले, चार हातांच्या फरकाने ठराव झाला. ट्रंकेतून शाली काढल्या. त्यातली एक दहा वर्षांपूर्वीची, घड्यांवर पिवळी पडलेली.

पहाटे साडेपाचला गाडी सुटली तेव्हा सत्काराचा नारळ पुढच्या काचेशी गणपतीच्या फोटोपाशी ठेवलेला होता. विरोधात हात वर केलेले दोघेजण त्याच गाडीने राजापूरला निघाले होते. ड्रायव्हरने त्यांच्या आंब्याच्या पेट्या स्वतः उचलून आत घेतल्या.