आई, आज तरी 'ठीक आहे' म्हणू नका

माझ्या सासूबाईंना इंग्लंडमध्ये येऊन 45 वर्षं झाली, पण बाथटबाला त्यांनी कधी बाथटब मानलं नाही. टबात लाकडी पाट, त्यावर मांडी घालून त्या, समोर बादली आणि हातात तांब्या. गुडघे गेल्यावर मांडी सुटली, पाट राहिला. मग दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये डाव्या अंगावरून पॅरालिसिसचा सौम्य झटका गेला आणि टबाची कड ओलांडणंच अवघड झालं. "याच्यापेक्षा पर्वती सोपी होती गं," त्या म्हणायच्या.

आम्ही सरळ एक बिल्डर बोलावला होता. टब काढायचा, सपाट फरशीचा शॉवर करायचा. नवरा ॲडव्हान्स देणार, तेवढ्यात मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका काकांनी अडवलं. "काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट मिळतं. आधी अर्ज करा. मंजुरीच्या आधी काम सुरू केलंत तर एक पेनी मिळणार नाही." बिल्डरला त्याच संध्याकाळी थांबवलं.

अपंग माणसासाठी घरात बदल करायला मिळणारं हे अनुदान 1996 च्या कायद्यातलं आहे. काम गरजेचं आणि त्या घरात करता येण्याजोगं असेल, तर काउन्सिलला 'नाही' म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये मर्यादा 30,000 पौंड, वेल्समध्ये 36,000. इंग्लंडचा आकडा 2008 पासून हललेला नाही. आमच्यासारख्या बाथरूमला तो पुरतो. ज्यांना खाली नवी खोली काढायची असते, त्यांनी काय करायचं देव जाणे.

पण गरज ठरवते ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी. माणसाला रोजची कामं कशी जमतात, ते ती घरी येऊन बघते. आमच्याकडे ती यायला डिसेंबर उजाडला. आणि त्या दिवशी आईंनी काय करावं? पहाटे उठून इस्त्रीची कॉटनची साडी नेसल्या, केस विंचरून अंबाडा घातला, चिवड्याची बशी काढून ठेवली. पाहुणीच ती! जिना चढताना एरवी तीनदा थांबणारी बाई त्या दिवशी एका दमात वर. ओटी विचारतेय, "अंघोळ कशी करता?" आणि या हसून इंग्रजीत, "आय मॅनेज, डिअर."

मी मागे उभी राहून कपाळावर हात मारला. आपल्याकडे पाहुण्यांसमोर रडगाणं गायचं नसतं, हे बरोबरच. पण इथे जे जमत नाही तेच लिहून घ्यायला माणूस आलेलं असतं. मी मराठीत म्हटलं, "अहो आई, काल तुम्हाला कोणी धरलं होतं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची आठवण झाली.

ओटी मुरलेली होती. म्हणाली, "कपड्यांसकट फक्त पाय टाकून दाखवा." आईंनी उजवा पाय टाकला. डावा उचलला तो कडेला अडकला. त्यांनी टॉवेलचा दांडा पकडला, त्याचा एक स्क्रू भिंतीतून निम्मा बाहेर आला. कोणी काही बोललं नाही. ओटीने वहीत बराच वेळ लिहिलं, मग पाटाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे काय आहे?"

धरायच्या दांड्या काही दिवसांतच बसवून दिल्या, फुकट. 1,000 पौंडांपर्यंतच्या किरकोळ फेरफारांना पैसे आकारत नाहीत.

मग उत्पन्नाचा तपास. आम्हाला धास्ती नवऱ्याच्या पगाराची. पण बघतात फक्त ज्याच्यासाठी काम आहे त्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं उत्पन्न. मुलगा-सून त्यात येत नाहीत. (अपंग मूल असेल तर तपासच नाही.) बचतीतले पहिले 6,000 पौंड सोडून देतात. मात्र सगळी बचत दाखवावी लागते, देशाबाहेरचीसुद्धा. फॉर्म भरताना मी मोठ्याने वाचलं आणि आई गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुण्याला एक एफडी आहे." सासऱ्यांनाही कधी कळली नव्हती म्हणे. ती दाखवली, आणि थोडा वाटा आईंना भरावा लागला.

अर्ज एकदा परत आला. घर आम्हा दोघांच्या नावावर आणि सही एकट्या नवऱ्याची. काउन्सिलने सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं, पण अर्ज पुरा झाल्याशिवाय ते सहा महिने मोजायला सुरुवातच होत नाही. तेव्हा पाठवण्याआधी दोनदा तपासा. मालकाच्या दाखल्यात लिहून द्यावं लागतं, की ही व्यक्ती पुढची 5 वर्षं, किंवा तब्येत साथ देईल तोवर, याच घरात राहील. आईंनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं. "पाच म्हणतायत? लिही बाई, यांना एवढी खात्री आहे तर."

काम मे महिन्यात झालं. पहिल्यांदा फरशीचा उतार चुकला, पाणी दाराकडे यायला लागलं. कारागिराने कुरकुरत पुन्हा उखडून केलं. शेवटचा हप्ता काउन्सिलचा माणूस बघून गेल्याशिवाय मिळत नाही, म्हणून केलं, असं माझं मत.

भिंतीला घडीची बैठक आहे, शॉवर आहे. आईंना शॉवर नको होता, बादलीच्या उंचीवर नळ हवा होता. ओटीच्या यादीत तो नसल्याने अनुदानातून मिळाला नाही. तो आम्ही पदरचे पैसे घालून लावला. आता त्या घडीच्या बैठकीवर बसतात, पुढ्यात बादली, आणि आतून आवाज येतो, "अगं, तांब्या कुठे ठेवलास?"