नारळ फुटल्यानंतरची वर्षं

१५ जानेवारी २०२५ ला ‘आयएनएस सुरत’ ही विनाशिका नौदलात दाखल झाली. पंतप्रधान मुंबईच्या नौदल गोदीत आले होते आणि त्याच समारंभात ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वागशीर’ ही पाणबुडीसुद्धा दाखल झाली. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर फोटो येत होते. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं, “काका, मुंबईत बांधलेल्या जहाजाला सुरतचं नाव कसं? आणि हे तर २०२२ मध्येच बांधून झालं होतं ना? पाण्यात उतरताना टीव्हीवर दाखवलं होतं.”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला तिथल्या तिथे दिलं. दुसऱ्याचं ग्रुपवर मावणारं नव्हतं, आणि माझी सगळी नोकरी त्या दुसऱ्या प्रश्नातच गेली आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी माझगाव डॉकमध्ये इलेक्ट्रिकल फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. रोज हार्बरची गाडी, नेरूळ ते डॉकयार्ड रोड. जहाजावर कुठे काय बसवलंय यातलं एक अक्षरही मी लिहिणार नाही, ते कुणी विचारूही नये. सरकारने स्वतः जाहीर केलेली माहिती आणि कुठल्याही मोठ्या जहाजावर होणारं काम, एवढंच इथे येईल.

तर जलावतरण. स्लिपवेवर, म्हणजे पाण्याकडे जाणाऱ्या उतारावर, उभं असलेलं जहाज भरतीची वेळ साधून पाण्यात सोडतात. मंत्र म्हटले जातात, पाहुणीच्या हस्ते नारळ फुटतो, आधार काढले जातात आणि एवढं धूड मागच्या बाजूने घसरत पाण्यात जातं. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी हाच फोटो येतो आणि लोकांना वाटतं जहाज झालं. प्रत्यक्षात त्या दिवशी ते उलव्यातल्या एखाद्या टॉवरसारखं असतं, आरसीसी पूर्ण, पण आत राहता येणार नाही. ‘सुरत’च्याच मालिकेतली ‘इम्फाळ’ २० एप्रिल २०१९ ला पाण्यात उतरली तेव्हा तिचं वजन ३०३७ टन होतं. तीच नौदलात गेली तेव्हा भरल्या जहाजाचं वजन सुमारे ७४०० टन. इंधन, पाणी, दारूगोळा, रसद हे त्यात आलंच, पण उरलेला फरक म्हणजे यंत्रं, पाइप, डक्ट, केबल, पॅनेल, स्वयंपाकघर, बंक आणि शस्त्रं. १६३ मीटर लांबीच्या त्या सांगाड्यात हे सगळं बसवायचं असतं, आणि ते बसवणारी माणसं रोज सकाळी पनवेल, कळवा, डोंबिवली, कोपरखैरणे अशा ठिकाणांहून गाडी पकडून येतात.

माझा भाग केबलचा. डेकवर ड्रम लावायचा आणि तिथून केबल खाली सोडायची. माणसं एकामागोमाग एक उभी असतात. कुणी शिडीवर, कुणी मॅनहोलमध्ये अर्धा, कुणी ट्रेच्या शेजारी कुशीवर आडवा. पुढच्याने आवाज दिला की सगळ्यांनी एकदम ओढायचं, थांब म्हटलं की जागच्या जागी धरून ठेवायचं. केबलला पीळ पडता कामा नये आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वाकवता कामा नये. मे महिन्यात पोलादी पेटीच्या आत, एसी अजून चालू नसताना, नुसत्या ब्लोअरच्या हवेवर हे चालतं. पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये कुणी वेल्डिंग करत असेल तर आमच्या बाजूला फायर वॉच म्हणून एक माणूस एक्स्टिंग्विशर घेऊन उभा असायलाच हवा. त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही, नजर फक्त भिंतीवर. नवीन मुलांना हे काम रिकामं वाटतं. माझ्या मते तो जहाजावरचा सर्वांत जबाबदार माणूस.

आता बल्कहेड. जहाज अनेक बंद कप्प्यांत विभागलेलं असतं. एका कप्प्यात पाणी शिरलं किंवा आग लागली तरी ती शेजारच्यात जाऊ नये, म्हणून मध्ये पोलादी आडभिंती. पण केबलला तर या भिंती ओलांडून जावंच लागतं. त्यासाठी भिंतीत एक चौकोनी पोलादी चौकट वेल्ड केलेली असते. आम्ही तिला एमसीटी, म्हणजे मल्टी केबल ट्रान्झिट, म्हणतो. चौकटीतून केबल ओवल्या की प्रत्येक केबलभोवती रबरी ठोकळ्याच्या दोन अर्ध्या भागांची मिठी बसवायची. ठोकळ्याच्या आतल्या बाजूला पातळ पापुद्रे असतात, केबलच्या जाडीप्रमाणे ते एकेक करून सोलायचे. एक जास्त सोलला तर केबल आत सैल राहते, एक कमी सोलला तर ठोकळा मिटत नाही. दोन्ही अर्धे जवळ आणले की मध्ये कागद जेमतेम सरकेल एवढी फट राहायला हवी. मग ग्रीस लावून ते ओळीत रचायचे, दर ओळीवर एक पट्टी ठेवायची, आणि चौकट भरली की शेवटी वेज बसवून आवळायची. आवळलं की सगळे ठोकळे एकजीव होतात आणि ती जागा भिंतीइतकीच बंद होते.

एका जहाजावर अशा चौकटी पावलोपावली. एका चौकटीतला एक ठोकळा चुकीचा सोलला गेला, तर त्या संपूर्ण भिंतीला काही अर्थ राहत नाही. म्हणून माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला मी आधी पापुद्रे सोलायला बसवायचो, केबल नंतर.

केबल ओढून झाली की ग्लँड, लग, क्रिंपिंग, म्हणजे टोकं जोडणीसाठी तयार करायची, आणि दोन्ही टोकांना टॅग. मग मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं आणि नोंद करायची. त्यावर आमच्या क्वालिटीवाल्यांची सही, मग नौदलाच्या देखरेख पथकाची, म्हणजे डब्ल्यूओटीची. सही मिळाली म्हणजे काम संपलं असंही नाही. एखाद्या यंत्राची जागा डिझाइनमध्ये थोडी सरकली की केबल अपुरी पडते. मध्ये जोड देऊन भागवायचं नसतं. जुनी काढायची, चौकट उघडायची, नवी लांबी ओढायची, पुन्हा ठोकळे, पुन्हा मेगर, पुन्हा सह्या. बाहेरून बघणाऱ्याला बेसिनमध्ये धक्क्याला लागलेलं जहाज महिनोन् महिने तसंच दिसतं.

सगळ्यात जीव लावून मी वाट बघायचो ती जहाजाचे स्वतःचे जनरेटर चालू होण्याची. तोवर सगळी वीज धक्क्यावरून, शोअर सप्लायने आलेली असते. जनरेटर सुरू करून लोड घेतला जातो, स्विचबोर्डवरचे काटे स्थिर होतात आणि जहाज पहिल्यांदा स्वतःच्या विजेवर उभं राहतं. नारळाच्या दिवशी मंडप असतो, बँड असतो. या दिवशी स्विचबोर्डसमोर आम्ही मोजकी माणसं आणि नौदलाचे अधिकारी असायचो. मला विचाराल तर जहाजाचा जन्म तो.

मग बेसिन ट्रायल, म्हणजे धक्क्याला बांधूनच यंत्रं चालवून बघणं, मग सी ट्रायल. याच मालिकेतली ‘मोरमुगाव’ पहिल्यांदा समुद्र चाचणीला निघाली ती १९ डिसेंबर २०२१ ला, गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी. चार गॅस टर्बाइन आणि ३० नॉटच्या वर वेग. धक्क्याला बांधलेल्या जहाजावर आयुष्य घालवलेल्या माणसाला ते चालताना बघून काय वाटतं, ते मला नीट शब्दांत सांगता येत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं आकड्यांतलं उत्तर. प्रोजेक्ट १५बीच्या, म्हणजे ‘सुरत’च्या मालिकेतल्या, चार विनाशिकांचा करार २८ जानेवारी २०११ ला झाला. ‘विशाखापट्टणम’ २० एप्रिल २०१५ ला पाण्यात उतरली आणि २१ नोव्हेंबर २०२१ ला नौदलात गेली, म्हणजे मध्ये साडेसहा वर्षं. ‘मोरमुगाव’ १७ सप्टेंबर २०१६ ते १८ डिसेंबर २०२२, सव्वासहा वर्षं. ‘इम्फाळ’ २६ डिसेंबर २०२३ ला दाखल झाली, पावणेपाच वर्षांच्या आत. आणि ‘सुरत’ १७ मे २०२२ ते १५ जानेवारी २०२५, तीन वर्षंसुद्धा नाहीत.

हा साडेसहा ते पावणेतीनचा प्रवास मला क्षेपणास्त्रांपेक्षा मोठा वाटतो. लोक ब्रह्मोसबद्दल विचारतात, आणि ते विचारायला हवंच. पण देशाला युद्धनौका किती लवकर बांधता येते, हीसुद्धा ताकद आहे. पहिल्या जहाजावर ज्या अडचणी आल्या त्या चौथ्यावर आधीच माहीत होत्या. शिवाय बांधण्याची रीत बदलली. डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरलात तर ३०० टनांची गोलायथ क्रेन दिसते. ती आल्यापासून मोठमोठे ब्लॉक आधी शॉपमध्ये तयार करायचे, त्यांच्यात जमेल तेवढे पाइप, ट्रे, डक्ट तिथेच बसवायचे आणि मग उचलून जोडायचे, हे शक्य झालं. ‘सुरत’च्या सांगाड्याचे ब्लॉक तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी तयार करून माझगावला जोडले गेले. उघड्या ब्लॉकमध्ये उभ्याने जे काम तासाभरात होतं, तेच बंद कप्प्यात कुशीवर पडून करायला अख्खा दिवस जातो. ही गोष्ट आम्ही जुने लोक फार आधीपासून बोलत होतो आणि ती प्रत्यक्षात आलेली मला बघायला मिळाली.

नावाचं राहिलं. यार्डात जहाजाला आधी नंबरच असतो. या चौघी, ‘विशाखापट्टणम’पासून ‘सुरत’पर्यंत, १२७०४ ते १२७०७. आम्ही तर फक्त शेवटचा आकडा घ्यायचो, “पाचवर केबल आली का?” वगैरे. नाव नौदल ठरवतं आणि राष्ट्रपती मंजूर करतात. विनाशिकांना शहरांची नावं, फ्रिगेटना डोंगर-नद्यांची, अशी ढोबळ पद्धत आहे, त्यामुळे जहाज कुठे बांधलं याचा नावाशी संबंध नसतो. ‘इम्फाळ’ ही ईशान्येतल्या शहराचं नाव मिळालेली पहिली युद्धनौका. तिच्या बोधचिन्हावर मणिपूरचा कांगला राजवाडा आणि कांगला-सा हा तिथल्या पुराणकथांतला प्राणी आहे. मणिपूरची किती मुलं ते बघून नौदलात जायचा विचार करतील, याचं मोल टनात होत नाही.

‘सुरत’चं म्हणाल, तर मराठी माणसाला सुरत म्हटलं की आधी १६६४ आठवतं, ते साहजिक आहे. पण गोदीतल्या माणसाने दुसरी एक गोष्टही लक्षात ठेवावी. मुंबईत जहाजबांधणीचा पाया ज्यांनी घातला ते लवजी नसरवानजी वाडिया सुरतेचे. १७३० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना सुरतेहून मुंबईला आणलं, आणि पुढे त्यांच्या घराण्याने इथे बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ चं सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे. माझगावात बांधलेल्या जहाजाला सुरतचं नाव मिळालं ते मला अगदी योग्य वाटलं.

आणखी एक गंमत. माझ्या हातून पहिल्यांदा मोठं काम झालं ते ‘आयएनएस मुंबई’वर, जी २२ जानेवारी २००१ ला दाखल झाली. ती आता मोठ्या दुरुस्तीनंतर विशाखापट्टणमला, पूर्व ताफ्यात आहे. आणि ‘आयएनएस विशाखापट्टणम’ मुंबईला, पश्चिम ताफ्यात.

‘मुंबई’ने २००६ मध्ये लेबनॉनमधून आपली माणसं आणली, २०१५ मध्ये येमेनमधून. माझगावलाच बांधलेल्या ‘कोलकाता’ने मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज सोडवलं, १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाच्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केलं. या बातम्या मी कापून ठेवल्या आहेत. पण मी पुन्हा पुन्हा वाचतो ती २६ जानेवारी २०२४ ची. एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि आग लागली. त्यावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी असे खलाशी होते. मदतीची हाक आली आणि ‘विशाखापट्टणम’ तिकडे वळली. तिच्यावरचं अग्निशमन पथक दुसऱ्याच्या जळत्या जहाजावर गेलं आणि तिथल्या खलाशांबरोबर आग आटोक्यात आणली. जहाजावरची आग म्हणजे काय, ती भिंतीतल्या एवढ्याशा भोकातून कशी पुढे सरकते, हे ज्याने आयुष्यभर मुलांना शिकवलं त्याला ही बातमी वाचून किती अभिमान वाटला असेल ते तुम्हीच समजा. ‘चार’वर, म्हणजे ‘विशाखापट्टणम’वर, काम केलेल्या आमच्या लोकांना मी त्या रात्री एकेकाला फोन केले.

आता थोडं कामाचं. नवी मुंबई आणि ठाण्यातल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, पाइप फिटर करणारी मुलं हे वाचत असतील, तर माझगाव डॉकच्या ट्रेड अप्रेंटिसच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. कंपनीच्या वेबसाइटवर येते. आठवी झालेल्यांसाठी, दहावी झालेल्यांसाठी आणि आयटीआयवाल्यांसाठी वेगवेगळे गट असतात. परीक्षेला गणित नीट करून जा. आमच्या सोसायटीच्या आसपास कुणाला तयारीला मदत हवी असेल तर संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.