चुकून ठरलेला हुकूम

ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा चालवणे हे माझे काम आहे. बाहेरच्या माणसाला वाटते की स्पर्धेचा संचालक घंटा वाजवतो आणि गुण लिहितो. ते काम आता संगणकच करतो. संचालकाची खरी गरज टेबलावरून हाक आल्यानंतरच्या पाच मिनिटांपुरती असते. कलम तोंडपाठ असले तरी त्या पाच मिनिटांत ते पुस्तक उघडूनच वाचायचे असते, कारण वाचून दाखवलेला निर्णय माणसे निमूटपणे ऐकतात आणि तोंडी सांगितलेल्या निर्णयावर हुज्जत घालतात. गेल्या गणेशोत्सवात मला ज्या टेबलावरून हाक आली तिथे उघडायला पुस्तकच नव्हते, आणि मी दिलेला निर्णय बरोबर होता की नाही, याबद्दल माझे मन अजून निःशंक झालेले नाही.

पुण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या उत्सव समितीला मेंढीकोटाची जोड्यांची स्पर्धा घ्यायची होती. पैसा लावायचा नाही आणि बक्षिसे स्टीलच्या डब्यांची, तरीही मांडवाशेजारी पत्ते म्हटल्यावर समितीतल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले, तरी आपल्याकडे पत्ते म्हणजे जुगार हे समीकरण काही सुटलेले नाही.

मेंढीकोट सगळ्यांनाच येतो, आणि स्पर्धेच्या दृष्टीने हीच अडचण असते, कारण तो प्रत्येकाला आपापल्या घरचा येतो. चार दश्श्यांपैकी तीन मिळवणारी जोडी जिंकते, दोन-दोन झाल्या तर सात हात (चौघांच्या एकेका पानाचा मिळून एक हात) करणारी जिंकते आणि चारही मिळाल्या तर कोट, इथपर्यंत एकमत असते. पुढे मात्र पाने डावीकडून वाटायची की उजवीकडून, हुकूम बंद ठेवायचा की कट करायचा, आणि रंग असताना दुसरे पान टाकणाऱ्याला शिक्षा काय, याची उत्तरे मजल्यागणिक बदलतात. आम्ही कट हुकूम घेतला, म्हणजे डाव हुकुमाविना सुरू होतो आणि उतारीचा, म्हणजे हातातल्या पहिल्या पानाचा, रंग ज्याच्याकडे प्रथम नसेल त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम ठरतो.

स्पर्धा ब्रिजच्या धर्तीवर घ्यावी, हा आग्रह माझा होता. साध्या पद्धतीत चांगली पाने येणारी जोडी जिंकते आणि वाईट पाने येणारी चहा पीत बसते. डुप्लिकेट पद्धतीत एकदा वाटलेला डाव चार कप्प्यांच्या बोर्डात भरून टेबलाटेबलांवर फिरतो, त्यामुळे तीच पाने घेऊन इतरांनी काय केले याच्याशी तुमची तुलना होते. मागे टाकलेल्या प्रत्येक जोडीमागे दोन गुण आणि बरोबरीला एक. टेबले आठ, म्हणजे सम, असली की चौथ्या फेरीनंतर पूर्व-पश्चिम बाजूंना बसलेल्या जोड्यांना एक टेबल ओलांडायला लावावे लागते, नाहीतर खेळून झालेलेच बोर्ड त्यांच्यासमोर पुन्हा येतात. या पद्धतीत हात गोळा करून ढीग करत नाहीत. प्रत्येकाने आपले पान आपल्यासमोरच पालथे ठेवायचे, हात आपल्या जोडीचा झाला तर उभे आणि गेला तर आडवे. मेंढीकोटाला ही रीत इतकी चपखल बसते की ती त्याच्यासाठीच काढली असावी असे वाटावे: डाव संपल्यावर आपली दश्शी उलटून पाहायची, उभी असेल तर घरात आली, आडवी असेल तर गेली. शिवाय वाद झालाच तर पाने ओळीने उलटी करत कोणत्या हाताला कोणी काय टाकले ते जसेच्या तसे पाहता येते.

नियमांचा मसुदा मी तीन पानांचा केला होता. समितीने तो एका पानावर आणला. ‘मैत्रीपूर्ण स्पर्धा आहे, एवढे कायदे कशाला’ हे वाक्य मला प्रत्येक ठिकाणी ऐकावे लागते, आणि म्हणणाऱ्यांना मैत्रीची काळजी असते हे मला मान्य आहे. पण व्यावसायिक खेळाडू नियमावाचूनही निभावून नेतात, शेजारी नेत नाहीत. काटछाटीत गेलेली एक ओळ मला फार लागली. कोणी उतारीच्या रंगाचे पान टाकले नाही तर ‘चौकट नाही का?’ असे टेबलावरच्या कोणीही, अगदी भिडूनेही, विचारावे अशी ती ओळ होती. जागतिक ब्रिज महासंघाच्या २०१७ च्या नियमावलीत ही मुभा आहे, आणि वेळेवर विचारले की पुढच्या हाताला पान पडण्याआधी चूक जागीच दुरुस्त होते. समितीने तिच्या जागी ठळक अक्षरांत लिहिले: ‘भिडूंनी एकमेकांशी बोलू नये.’ रंग चुकवण्याच्या शिक्षेपुढे ‘संचालकांचा निर्णय अंतिम’ एवढेच उरले.

शेवटच्या, म्हणजे सातव्या फेरीत खिडकीजवळच्या टेबलावरून हाक आली. पश्चिमेला एक वयस्कर गृहस्थ, पूर्वेला त्यांची सून, आणि उत्तर-दक्षिणेला नोकरी करणारे दोन तरुण. नवव्या हाताला आजोबांनी चौकटची दुर्री टाकली आणि दक्षिणेचा मुलगा उभाच राहिला. मी सर्वांना हातातली पाने पालथी ठेवायला सांगितले आणि समोरची पाने पहिल्यापासून उलटी करायला लावली. पहिल्या हाताला उत्तरेने चौकटचा एक्का उतरला होता आणि सगळ्यांनी चौकट दिली होती. दुसऱ्या हाताला त्याने राजा उतरला, आणि आजोबांनी इस्पिकची सत्ती टाकली. दुर्री त्यांच्या हातात होती. दोन बदामांच्या मधे ती जाऊन बसली होती, आणि लालावर लाल पान चष्म्यातूनही दिसत नाही. इस्पिक हुकूम ठरला. पुढची पाळी दक्षिणेची. त्याच्याकडे चौकट खरोखरच संपली होती, पण इस्पिकची फक्त तिर्री आणि पंजी होती, म्हणून त्याने एक भुरटे पान टाकून दिले. हात आपल्याकडे येतो आहे हे पाहून सुनेने त्यावर चौकटची दश्शी घातली. भिडूच्या हुकुमावर दश्शी घालणे हा अस्सल मेंढीकोट, त्यात तिचे काहीच चुकले नाही.

डाव पुरा खेळायला लावला. पूर्व-पश्चिमेचे आठ हात आणि तीन दश्श्या झाल्या. तेवढ्यात आजोबा म्हणाले, “चूक माझी आहे, डाव त्यांना देऊन टाका.” उत्तर म्हणाला, “सर, आमच्या घरी पान लपवलं की सरळ कोट लागतो.”

ब्रिजमध्ये हे प्रकरण कलम ६४ खाली दोन मिनिटांत मिटले असते. रंग चुकवणाऱ्याने तो हात स्वतः जिंकला आणि पुढेही त्याच्या जोडीने हात केले, तर दोन हात समोरच्यांना द्यायचे. इथे तसे केले असते तर चौकटची दश्शी उत्तर-दक्षिणेकडे जाऊन दश्श्या दोन-दोन आणि त्यांचे हात सात झाले असते. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण ब्रिजमध्ये हुकूम पहिले पान पडण्याआधीच बोलीने ठरलेला असतो, म्हणून रंग चुकवल्याने फार तर हात चोरले जातात. इथे चोरी हुकुमाची झाली होती. आजोबांनी दुर्री दिली असती तर हुकूम करण्याचा हक्क दक्षिणेचा होता, आणि त्याच्या हातात बदामची आणि किलवरची अशा दोन दश्श्या होत्या. सुनेकडे चौकट असल्याने तिला वर कापता आले नसते. म्हणजे तो दश्शीनेच कापून दश्शी घरी नेऊ शकला असता. याची भरपाई दोन हातांनी कशी करायची? त्याच कलमात पुढे एक तरतूद आहे की ठरलेल्या शिक्षेने नुकसान भरून निघत नसेल तर संचालकाने निकालच बदलावा. मी तिचा आधार घेतला.

इथे डुप्लिकेट पद्धत कामी आली, कारण तोच बोर्ड आधी सहा टेबलांवर खेळून झाला होता आणि निकालाच्या चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या. सहाही ठिकाणी दक्षिणेनेच हुकूम केला होता. चार टेबलांवर बदाम, आणि तिथे उत्तर-दक्षिणेला तीन दश्श्या. दोन टेबलांवर किलवर, आणि तिथे दश्श्या दोन-दोन होऊन सात हातांवर पूर्व-पश्चिम जिंकलेले. चार दश्श्या कोणालाच मिळाल्या नव्हत्या, म्हणून कोटाची मागणी मी फेटाळली. उत्तर-दक्षिणेला मी तीन दश्श्यांचा निकाल दिला, म्हणजे बारापैकी आठ गुण. त्या आठांवर ते आपल्या गटात पहिले आले. दोन गुण कमी पडते तर दुसरे आले असते.

आजोबांनी निर्णय मान्य केला. अपील मागे पडलेल्या जोडीने केले, आणि ते त्यांनी करायलाच हवे होते, कारण निर्णयाची झळ त्यांना बसली होती. अपील ऐकायला समितीचे दोन सभासद आणि माझा एक ब्रिज खेळणारा मित्र बसला. सभासदांनी निर्णय कायम ठेवला, बहुधा आरतीची वेळ झाली होती म्हणून. मित्र विरोधात गेला. त्याचे म्हणणे असे की या मुलाने बदामच केला असता, हे मी कशावरून धरले? सहांतल्या दोघांनी किलवर केला होता. ब्रिजमध्ये अशा वेळी वेगवेगळ्या शक्यतांचे वजन काढून गुण देतात. तसे केले तर आठचे दोन तृतीयांश आणि दोनचा एक तृतीयांश मिळून बरोबर सहा होतात, आणि पहिला क्रमांक बदलतो.

माझे उत्तर तेव्हाही तयार होते आणि आजही तेच आहे: हक्क ज्याचा हिरावला त्याला संशयाचा फायदा मिळाला पाहिजे, आणि दुसरे म्हणजे ज्या नियमपत्रकात वजनाचा उल्लेखच नाही त्याच्या नावाने मी शेजाऱ्यांना अपूर्णांक वाटू शकत नाही. यातले दुसरे कारण मला जितके पटते तितके पहिले पटत नाही, कारण संशयाचा फायदा दिला तो उत्तर-दक्षिणेला, आणि त्याची किंमत मोजली ती त्या टेबलावर नसलेल्या तिसऱ्याच जोडीने.

बोर्ड आवरताना सुनेने मला बाजूला घेऊन विचारले की तिने काही करायला हवे होते का. तिच्या हातात चौकटची पाच पाने होती आणि बाबांकडे इतक्या लवकर चौकट संपावी याचे तिला नवल वाटले होते. “पण पत्रकात लिहिलं होतं बोलू नका,” ती म्हणाली, “आणि नसतं लिहिलं तरी बाबांना चारचौघांत कसं टोकणार?” पहिल्या कारणाला माझ्याकडे उत्तर होते. दुसऱ्यासाठी मी एवढेच सुचवू शकलो की हा प्रश्न ऐच्छिक न ठेवता सक्तीचा करावा: हुकूम ठरवणारे पान पडले की उतारी करणाऱ्याने दर वेळी, कोणाचाही मान न पाहता, रंग विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचे पान टाकायचे नाही.

यंदाच्या स्पर्धेसाठी चिटणिसांचा निरोप आला आहे, आणि नियम याही वेळी एकाच पानावर हवे आहेत. मी कळवले आहे की अक्षर बारीक करा, बक्षिसांची यादी मागच्या बाजूला छापा, पण रंग विचारण्याची ती ओळ राहिली तरच मी येईन.