जुने गोवे: जे उरलं नाही ते बघायला जाताना

जुनं गोवं, म्हणजे पोर्तुगीजांची जुनी राजधानी, 'दोन तासांत होतं' म्हणणाऱ्या ड्रायव्हरचं अजिबात ऐकू नका. दोन तासांत बॉम जेझस आणि से कॅथेड्रल ही दोन चर्च होतात. दोन्ही सुंदर आहेत, त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी लिहीत नाही. पाडलेल्या, पडलेल्या शहरासाठी अख्खा दिवस ठेवा.

मॉन्ते सांतोच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्च आणि मठाचे पडके अवशेष आहेत. 1835 मध्ये मठवासी संघांवर बंदी आली, वास्तू ओस पडली, 1842 मध्ये छत कोसळलं आणि 1931 मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा. मनोऱ्याची मूळ उंची 46 मीटर. उरलेला जांभ्याचा सुळका खालून बघितला की मान अवघडते. जमिनीवरच्या थडग्यांच्या दगडांवरची अक्षरं सावकाश वाचा. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष इथेच सापडले. सावली शून्य, दुपारी जाऊच नका.

सेंट काजेतान चर्चच्या आवारात आदिलशाही राजवाड्याची काळ्या दगडाची दारचौकट तेवढी आहे. पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले ते याच वाड्यात. मागे भिंत नाही, खोली नाही. पडक्या इमारतींचा दगड पणजीच्या बांधकामांना गेला. इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा तर मागमूस न ठेवता गेला. नदीकाठची व्हाइसरॉयची कमानही 1954 मध्ये पुन्हा बांधलेली आहे, हे कोणी सांगत नाही.

आता खरा त्रास. सेंट पॉल कॉलेजची कमान फोंड्याच्या रस्त्याला आहे. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये याच कॉलेजात सुरू झाला, आणि आज उभी आहे ती एकटी दर्शनी भिंत. चालत गेलो. पायवाट नाही, वळणावर बस अंगाला घासून जाते, कडेला पाय टाकावा तर गटार. परतताना रिक्षावाल्याने गांधी सर्कलपर्यंत 300 रुपये मागितले. पाय तुटले होते म्हणून दिले, अजून संताप होतो. एक-दीड किलोमीटरला! भाडं आधी ठरवा, थांबायचे पैसे वेगळे नाहीत हे बोलून घ्या, किंवा स्वतःची दुचाकी आणा. मुलंबाळं, वयस्कर माणसं असतील तर चालत जाऊ नका, ठाम सांगतो.

कमान मात्र सोडू नका. फोटो सकाळीच काढा, नंतर समोर गाड्या लागतात.