फासा पडला, पण दिसला नाही

ऑनलाइन खेळात फासा लपवून टाकायचा होता, आणि सगळं बिघडलं ते एका ड्रॉपडाउनमुळे. तो आठवला की अजूनही माझं डोकं तापतं.

आम्ही पाच जण. कॉलेजात असताना मनीषनगरच्या माझ्या खोलीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळायचो. प्रत्येकाचं एक पात्र, आणि गोष्ट सांगून बाकीची पात्रं चालवणारा डीएम मी. साडीच्या खोक्याचं झाकण उभं केलं की झाला पडदा. मागे फासा घरंगळला की समोरचे चौघं एकदम गप्प. पुढे नोकरीपायी दोघं पुण्याला, एक बंगळुरूला गेला आणि खेळ ऑनलाइन न्यावा लागला. नकाशे, टोकन, कॅरॅक्टर शीट एका रविवारी जमलं. अडलं ते गुप्त रोलपाशी, म्हणजे लपवून फासा टाकण्यापाशी, आणि तिथे तीन महिने गेले.

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळाडू दारात सापळा शोधतो. वीस बाजूंच्या फाशावर २ पडले आणि मी म्हटलं, "काही दिसत नाही", की त्याला लगेच कळतं, आपलंच चुकलं. मग "मी पण बघतो" म्हणत बाकीचे तिघं रांगेत उभे. तेच १९ पडले असते तर त्याच उत्तरावर सगळे बिनधास्त आत गेले असते. म्हणून आकडा त्याला दिसायला नको. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या २०१९ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तर असे रोल नियमातच 'सीक्रेट' आहेत, जीएमनेच (तिथला डीएम) टाकायचे.

आमच्या साइटवर रोल सगळ्यांना दाखवायचा की फक्त डीएमला, हे एका ड्रॉपडाउनमध्ये निवडायचं. एकदा निवडलं की ते तसंच राहतं. पहिल्या शनिवारी मी बदलायला विसरलो आणि दरबारातल्या कारभाऱ्याचा थापा मारायचा रोल सगळ्यांसमोर. पुढच्या शनिवारी उलटं. लढाईत राक्षसाचे वार दोन फेऱ्या गुप्तच गेले. लोकांना दिसलं एवढंच, की मी म्हणतो "लागला" आणि यांचं रक्त कमी होतं.

तिथून आमच्यातला एक बिथरला. खेळातला त्याचा चोर सलग तीन वेळा लपताना पकडला गेला होता, रोल मी टाकलेले.

"फासे तूच टाकून राहिला, तूच पाहून राहिला, अन् आम्ही फक्त हो म्हणायचं का बे?"

मी म्हटलं, तिन्ही वेळा पाच किंवा कमीच पडले, काय करू. त्याने जागेवर हिशोब केला: एकदा पाच किंवा कमी पडायची शक्यता पाव, सलग तीनदा म्हणजे चौसष्टात एक. "चौसष्टात एक, अन् तो माझ्याच नशिबी?" शक्यता कमी म्हणजे खोटं नव्हे, हे रात्री साडेबाराला समजावून पाहा कोणाला.

मग मी हट्टाने एक जुनी युक्ती काढली. फोनवर दोघांनी नाणं कसं उडवायचं, कोणी फसवू नये म्हणून, हा प्रश्न मॅन्युएल ब्लूम या संगणकशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये सोडवला होता. आधी उत्तर कुलुपात टाकून द्यायचं, किल्ली नंतर. मी आकड्याचा एसएचए-२५६ हॅश (आकड्यावरून निघणारी लांबलचक खूण, जिच्यावरून उलट आकडा काढता येत नाही) काढून ग्रुपवर टाकला. आकडा सेशन संपल्यावर सांगणार, तेव्हा ज्याला हवं त्याने जुळवून घ्यावं. छाती फुगवून बसलो होतो. दोन मिनिटांत पठ्ठ्याचा मेसेज: "चार पडले ना?" त्याने १ ते २० सगळ्यांचे हॅश काढून जुळवले होते! वीसच तर शक्यता. आकड्यापुढे दरवेळी एखादं लांबलचक, नवं, अर्थहीन वाक्य जोडल्याशिवाय या कुलुपाला अर्थ नाही. तेही केलं. चाललं, पण एकेका सापळ्याला पाच मिनिटं लागायला लागली आणि बंगळुरूवाला घोरायला लागला.

शेवटी साइट सोडून फाउंड्रीवर गेलो, हे असे खेळ ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर. तिथे ब्लाइंड रोल आहे: खेळाडू स्वतः टाकतो, त्याच्या चॅटमध्ये नुसती प्रश्नचिन्हं येतात, आकडा मला दिसतो. नंतर राइट-क्लिक करून तोच रोल सगळ्यांना उघडा करता येतो. एवढंच हवं होतं. त्याला आकडा नको होता, फासा खरंच पडला हे हवं होतं. खोक्यामागच्या आवाजाचं काम हेच होतं, आणि ते मला उशिरा कळलं.

फाउंड्री आमच्याकडे माझ्याच लॅपटॉपवरून चालते. मेच्या उन्हाळ्यात लाइट गेली की वायफायसकट पाचही जणांचं जग गायब. इन्व्हर्टरवर राउटर आधी जोडा, कूलर नंतर.

अजून एक राहिलं. अधूनमधून उगाच फासा टाका. नाहीतर गुप्त रोल झाला म्हणजे इथे काहीतरी आहे, हे पोरं आठवड्यात ओळखतात. आणि दर दारावर रोल नकोच. डी अँड डीत पॅसिव्ह पर्सेप्शन आहे, म्हणजे मुद्दाम न शोधता किती दिसतं त्याचा आकडा: दहा अधिक त्या खेळाडूचा पर्सेप्शनचा मॉडिफायर (एरवी रोलमध्ये मिळवायचा आकडा). ते कागदावर लिहून ठेवा. साइट बदलायची नसेल तर सेशनआधी प्रत्येकाकडून वीस-वीस रोल घ्या, यादीचा क्रम स्वतः बदला आणि गुप्त रोल लागेल तेव्हा त्यातला एकेक वापरून खोडत जा. ड्रॉपडाउन मात्र प्रत्येक लढाईआधी बघा, हात जोडून सांगतो.

मागच्या शनिवारी चोराने तळघराच्या दाराशी ब्लाइंड रोल टाकला. प्रश्नचिन्हं आली. मी म्हटलं, "काही दिसत नाही." पलीकडे बराच वेळ नुसता कूलरचा आवाज.

"जाऊ दे बे," तो म्हणाला, "आधी पुणेवाल्यांना पाठवू."