तुम्ही विचारलंत म्हणून: कार्बाइड असताना सरमेट कशाला?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत जिथं जातो तिथं लेथवाले हेच विचारतात, "भाऊ, कार्बाइड मस्त चालून राहिलं, मग हे सरमेट कायले घ्याचं?" तर एकदाचं नीट लिहून टाकतो.

लेथवर धातू कापते ती छोटी टिप कार्बाइडची असते तशी सरमेटचीही मिळते. सरमेट म्हणजे टायटेनियम कार्बोनायट्राइडचे कडक कण, त्यांना धरून ठेवायला निकेल आणि कोबाल्ट. नेहमीच्या टिपेत टंगस्टन कार्बाइड असतं. सोनेरी टिप बघून बरेच जण यालाच सरमेट समजतात पण तो बहुतेक वेळा कार्बाइडवरचा टायटेनियम नायट्राइडचा पातळ थर असतो, सरमेट मात्र आतपर्यंत मुख्यतः टायटेनियमच्या संयुगाचंच, आणि हातात घेतलं की लगेच हलकं लागतं कारण टंगस्टन कार्बाइडची घनता 15.6 आणि टायटेनियम कार्बाइडची 4.9 च्या आसपास.

मला ते आवडतं ते एका गोष्टीसाठी, गरम स्टीलशी त्याचं फारसं जमत नाही! टंगस्टन कार्बाइड तापलेल्या लोखंडात विरघळत जातं, टिपेवर खड्डा पडतो, सरमेटमध्ये ते खूप कमी, कडेला धातूची चिप चिकटत नाही म्हणून ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) च्या शाफ्टवर फिनिशिंग कटला, म्हणजे शेवटच्या बारीक कटला, जी चकाकी येते आणि साइज जशी टिकते ना, ते बघण्यासारखं असतं.

हे सहज जमलेलं नाही बरं का. नुसतं टायटेनियम कार्बाइड फार ठिसूळ होतं. 1956 मध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या हुमेनिक आणि पारिख या संशोधकांनी दाखवलं की मोलिब्डेनम हा धातू घातला की वितळलेलं निकेल कणांवर नीट पसरतं, पुढे 1970 च्या सुमारास व्हिएन्नात कीफर यांनी नायट्रोजन आणला आणि कण बारीक राहायला लागले. मोलिब्डेनम, टंगस्टन कणाभोवती कवच करून बसतात, मायक्रोस्कोपखाली काळा गाभा आणि भोवती फिकट कडं दिसतं, मला तर ते फार सुंदर वाटतं.

पण रफिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जाड कटला, लावू नका. कीवे म्हणजे लांब खाच असलेला शाफ्ट, कास्टिंगची खरबरीत साल, असा तुटक कट असेल तर कार्बाइडच घ्या, सरमेट फुटतं. उष्णताही ते हळू वाहून नेतं, मध्येच कूलंट (टिप गार ठेवायचं द्रव) पडलं की तडे जातात, एकतर सतत भरपूर द्या नाहीतर सरळ ड्राय, कूलंटशिवाय चालवा.

टंगस्टन महागलं म्हणूनही हल्ली विचारणा वाढलीय. जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं आणि फेब्रुवारी 2025 पासून तिथं निर्यातीवर नियंत्रण आहे, आपल्या जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात त्याचं खनिज आहे पण आपल्या टिपा त्यातून येत नाहीत. तरी नुसत्या भावासाठी सरमेट घेऊ नका, त्यातही थोडं टंगस्टन असतंच. फिनिशिंगच्या एकाच जॉबवर लावून बघा आणि मग किती पीस निघाले ते कार्बाइडशी ताडून ठरवा.